विहिरीच्या पाण्याची बाटली

बेळगावजवळच्या जांबोटीहून गाडी सुटली तेव्हा माझ्या मांडीवर साडेतीन वर्षांची सई होती आणि पायाशी दोन लिटरची बाटली. बाटलीत आमच्या विहिरीचं पाणी. परमुलखात जाणाऱ्याबरोबर घरचं पाणी द्यायचं आणि पहिले काही दिवस तिथल्या पाण्यात थोडं थोडं मिसळून प्यायचं, म्हणजे नवं पाणी बाधत नाही, ही आमच्या घरची रीत. "येक थेंब वाया घालवू नको गं," आत्तींनी (सासूला आमच्याकडे अशीच हाक मारतात) बजावलं होतं. नवरा मस्कतला नोकरीला. आम्ही मायलेकी पहिल्यांदाच त्याच्याकडे महिनाभर निघालो होतो.

चोर्ला घाटात सईने सकाळचं सगळं उलटून टाकलं. चूक माझीच. लांबचा प्रवास म्हणून दोन थालीपिठं आणि वर कुंदा (बेळगावची खव्याची मिठाई) कोंबला होता. गोव्याच्या विमानतळावर बाटली मोठ्या बॅगेत टाकून दिली. पुढे विमान मस्कतला उतरायला लागलं तशी ती कान धरून किंचाळू लागली. आणि मी? वारं लागेल म्हणून तिची कानटोपी आणखी घट्ट बांधली! विमानात कुठलं आलंय वारं, माझं डोकं! शेवटी शेजारच्या बाईंनी टोपी सोडली, तिला घोट घोट पाणी पाजलं, तेव्हा कुठे कान मोकळे झाले.

मस्कतचे डोंगर मी बघतच राहिले. पांढऱ्या घरांच्या पाठीशी तपकिरी डोंगर, गवताची काडी नाही. आमच्याकडे भिंतीवरही शेवाळ उगवतं. सईला मात्र खुब्ज (मऊ, फुगीर रोटी) फार आवडला. तूपसाखर लावून ती तो दिवसभर खायची. नवरा पहाटेच कामावर जायचा. तो गेला की मी सईच्या पेल्यात अर्धा कप विहिरीचं पाणी मिसळायची.

तिसऱ्या दिवशी तिला जुलाब सुरू झाले, मग उलट्या. "मेलं इथलं पाणी!" म्हणत मी विहिरीचं पाणी वाढवलं. दुपारी ती रडत होती, पण डोळ्यांत टिपूस येईना. नवऱ्याला फोन करून, बाटली पिशवीत टाकून, सईला उचलून मी कोपऱ्यावरच्या दवाखान्यात पळाले.

तिथली नर्स हुबळीकडची निघाली. "कन्नड बर्तदेन्री?" (कन्नड येतं का हो?) आमचं गाव ऐकून तिने विचारलं. बेळगावात कचेरीत हट्टाने मराठीच बोलणारी मी, तो प्रश्न ऐकून मला रडूच फुटलं. डॉक्टरांनी सईला तपासलं. पोर काय पिते, असं नर्सने विचारताच मी मोठ्या तोऱ्यात पिशवीतली बाटली पुढे केली. तिने झाकण काढून वास घेतला, बाटली उजेडात धरली. तळाशी हिरवट साका होता.

"हे पाजलंत अक्का? न उकळता?" ती कन्नडमध्ये म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं. दवाखान्यातली मीठसाखरेची पुडी पाण्यात कालवून चमच्या-चमच्याने कसं पाजायचं ते तिने दाखवलं. नवरा धावत आला. संध्याकाळी सईने शू केली आणि आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

मग तो हळूच म्हणाला, "मी तर दर खेपेला आईची बाटली गोव्यातच वततो. सा वर्सं झाली. तिला वाईट वाटंल म्हणून बोललो न्हाय."

"आणि मला का नाही सांगितलंस?"

मी चार दिवस त्याच्याशी धड बोलले नाही.

परतताना सईच्या डोक्यावर टोपी नव्हती, पोट हलकं होतं, विमानात ती चमच्याने पाणी पीत आली. मुलांना परदेशी नेताना काय घ्यावं, असं आता कुणी विचारलं तर पुड्या नि कपडे मी नंतर सांगते. आधी घरात एकमेकांशी खरं बोला म्हणते.

दारात आत्ती भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. "पाणी पुरलं न्हवं?"

वाटभर मी "पुरलं" म्हणायचं घोकलं होतं. पण सईचे बारीक झालेले हात बघून राहवलं नाही. "आत्ती, पोर त्याच पाण्यानं आजारी पडली."

तांब्या हातातच राहिला. "आन् त्यो? त्यो पीत हुता न्हवं?"

मी नकारार्थी मान हलवली. त्यांना कळायचं ते कळलं. सईवरून तुकडा ओवाळून टाकला, तिला छातीशी धरलं, आणि त्यांनी विचारलं,

"मग आता म्होरल्या खेपेला त्येच्यासंगं काय धाडू गं?"