मी पकडलेला वायफायचोर

आता सांगूनच टाकते. नाहीतरी आमच्या गल्लीतल्या बायांनी आपापल्या परीने सांगून झालंच आहे, आणि प्रत्येकीच्या सांगण्यात मी आधीपेक्षा थोडी जास्त बावळट होत जाते. त्यापेक्षा माझा बावळटपणा माझ्याच तोंडून ऐका, निदान मापात तरी राहील.

मी बहात्तर वर्षांची. शिक्षण जुनी मॅट्रिक. बुटीबोरीच्या एका कापड कारखान्यात अठरा वर्षं कापड तपासायचं काम केलं. टेबलावरून ताग्यामागून तागा सरकायचा आणि एक धागा जरी चुकला असला तरी माझं बोट बरोबर तिथेच पडायचं. सुपरवायझर म्हणायचे, बाई, तुमच्या डोळ्यांतून देव सुटणार नाही. मीही म्हणायचे, आधी समोर तर येऊ द्या त्याला.

संगणक मला कोणी शिकवला नाही. मुलगी पुण्याला गेली तेव्हा तिचा जुना लॅपटॉप इथेच टाकून गेली. तो इतका हळू झाला होता की चालू करून भाजी फोडणीला टाकली तर भाजी आधी व्हायची. दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, आजी, भंगारात द्या. मी घरी आणला आणि पुस्तकं वाचून, चुकत माकत, त्यात लिनक्स ही फुकटातली, हलकी संगणक-प्रणाली टाकली. त्याला आता पाच वर्षं झाली. लॅपटॉप अजून चालतो आहे, दुकान मात्र बंद पडलं. मी कोणाचं वाईट चिंतत नाही, फक्त जे झालं ते सांगते.

तर झालं असं, की या एप्रिलमध्ये माझं वायफाय रांगायला लागलं. पुण्याच्या लेकीशी व्हिडिओवर बोलायला बसलं की तिचं तोंड अर्धं उघडं राहून थिजायचं, आणि मी पाच-पाच मिनिटं तिचे दात बघत बसायचे. दुसरी कोणी असती तर कंपनीला फोन करून मोकळी झाली असती. पण माझ्या मनात सरळ एकच आलं. कोणीतरी चोरतंय.

आता असा चोर पकडायला लिनक्समध्ये एक प्रोग्राम असतो. आसपासच्या हवेत कोणतं यंत्र कोणत्या राउटरशी बोलतंय आणि ते किती जवळ आहे, हे तो दाखवतो. वायफायवरच्या प्रत्येक यंत्राला बारा अक्षर-आकड्यांचा एक नंबर असतो, गाडीला असतो तसा. तो नंबर पाहायचा, आपला असला तर सोडायचा, परका असला तर पकडायचा. मला वाटलं, हे तर माझंच काम, फक्त कापडाच्या जागी हवा.

वाटलं तितकं सोपं मात्र नव्हतं. लॅपटॉपच्या आतलं कार्ड असली हेरगिरी करेना, म्हणून शेंडीसारखी अँटिना असलेलं एक वेगळं कार्ड बाहेरून लावलं. मग प्रोग्रामच्या सूचना जिथे लिहितात त्या कॉन्फिग फाइलमध्ये त्या कार्डाचं नाव लिहायचं. लिहिलं. तर पहाऱ्याला बसवलं की हे कार्ड स्वतःचं नावच बदलून घ्यायचं, आणि प्रोग्राम म्हणायचा, या नावाचं इथे कोणी नाही. नवं नाव लिहिलं, तर लिनक्सचीच नेटवर्क सांभाळणारी जी व्यवस्था असते, ती मध्येच येऊन कार्ड ओढून न्यायची आणि परत साध्या कामाला जुंपायची. शेवटी दुसऱ्या एका फाइलमध्ये मी तिला लिहून ठणकावलं, की या कार्डाला हात लावायचा नाही. तीन दिवस गेले यात. तिसऱ्या दिवशी दुपारी स्क्रीनवर यादी उलगडली आणि मी एकटीच टाळ्या वाजवल्या. हसा, पण तुम्ही करून दाखवा आधी.

माझ्या घरची यंत्रं तीन. लॅपटॉप, टीव्ही आणि फोन. तिघांचे नंबर मी त्यांच्या सेटिंगमध्ये खोल शिरून आधीच वहीत उतरवले होते, लाल शाईने. आता स्क्रीनशी ताडून पाहिले. लॅपटॉप जुळला. टीव्ही जुळला. तिसरा नंबर परका!

आणि माझा फोन? तो यादीत कुठे दिसेचना. कोणाही शहाण्या माणसाला इथे शंका आली असती. मला आली नाही. मी काय म्हटलं असेल? म्हटलं, चोर किती निर्ढावलेला आहे बघा, माझ्या फोनला बाहेर ढकलून त्याच्या जागेवर बसला आहे.

लगेच राउटरची सेटिंग उघडली आणि त्या परक्या नंबरला कायमची बंदी घातली. लेकीला ही बातमी द्यावी म्हणून फोन हातात घेतला, तर फोनचं नेट बंद! त्याच मिनिटाला. म्हणजे मी त्याला हाकललं आणि त्याने लगोलग माझ्यावर उलटा वार केला. कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी अगदी गोड आवाजात म्हणाली, मॅडम, एकदा बंद करून चालू करा. मी तिला म्हटलं, बाळ, इथे युद्ध चालू आहे आणि तू मला स्विच सांगतेस?

तेवढ्यात शकू आली. शकुंतला माझी भिंतीला भिंत लागून असलेली शेजारीण. या नंदनवन वस्तीत आम्ही दोघी चाळीस वर्षांपूर्वी एकाच महिन्यात राहायला आलो. रोज दहाचा चहा ती माझ्याकडे घेते आणि चारचा मी तिच्याकडे. त्या दिवशी मी काही चारला गेले नाही, म्हणून ती बघायला आली. ती चहा पीत समोर बसली असताना मी वायफायचं नावही बदललं आणि पासवर्डही बदलला. मला टाइप करताना एकेक अक्षर तोंडाने म्हणायची सवय आहे. चष्मा लागला तेव्हापासूनची.

शकू गेली. मी फोनवर नवा पासवर्ड टाकला, नेट आलं. मिशीला ताव देता आला असता तर दिला असता. मग स्क्रीन पाहिली. अर्ध्या मिनिटात चोर परत हजर, आणि या खेपेला नंबर वेगळा! नवं नाव, नवा पासवर्ड, कुठे लिहिलेला नाही, कोणाला सांगितलेला नाही, तरी हा वेष बदलून आत.

कोणाला सांगितलेला नाही, असं म्हटलं खरं. पण ऐकला कोणी होता?

आता माझं डोकं कापड तपासल्यासारखं चालायला लागलं. शकूच्या घरी वायफाय नाही. तरी हल्ली सकाळपासून तिच्या फोनवर भजनं वाजतात, मध्ये न अडखळता. लेकीचे दात माझ्याकडे थिजतात आणि तिकडे टाळ-मृदंग सुरळीत! मी लॅपटॉप उचलला. प्रोग्राम प्रत्येक नंबरासमोर एक आकडा दाखवतो, यंत्र जवळ असलं की तो चढतो, लांब असलं की उतरतो. आरतीचं ताट धरावं तसा लॅपटॉप दोन्ही हातांवर धरून, शेंडी वर करून, मी शकूच्या घरात शिरले. चोराचा आकडा एका रेषेनेही खाली आला नाही. स्वयंपाकघरात गेले तरी तसाच, ठणठणीत.

शकू जमिनीवर बसून वर्षाच्या तिखटासाठी भिवापुरी मिरच्यांचे देठ खुडत होती.

"हे काय वं? कोणाची आरती करून राहिली?" ती म्हणाली.

"शकू, तुहा फोन कुठी आहे?"

"चार्जिंगले. काहून?"

"माहं वायफाय वापरून राहिली का तू? खरं सांग. मी रागावणार नाही."

"रागावणार नाही म्हणते, अन् नाक लाल झालं तुहं."

मी म्हटलं, ते मिरचीने. आणि खरंच मिरचीनेच. सात शिंका दिल्या लागोपाठ. त्या शिंकांच्या मधल्या जागेत मी तिला सगळा पुरावा ऐकवला. नंबर, वेष बदलणं, पासवर्ड, भजनं. ती भांडली असती तर बरं झालं असतं. शकू भांडली नाही. उठली, हात पदराला पुसले.

"चाळीस वर्षं तुह्या घराची किल्ली माह्या खिळ्यावर आहे," ती म्हणाली. "साखर लागली तरी दार वाजवून येते मी. अन् मी तुही हवा चोरीन?"

मग तिने दाराजवळच्या खिळ्यावरची किल्ली काढली आणि माझ्या लॅपटॉपवर ठेवली. बरोबर चोराच्या नंबराखाली.

मी घरी आले, लॅपटॉप मिटून कपाटात टाकला आणि त्याचं तोंडही पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी दहाला सवयीने दोन कप चहा केला. एक प्यायले. दुसऱ्यावर साय धरली. चोर सापडला होता, पुरावा पक्का होता, आणि मी मात्र त्या सायीकडे बघत बसले होते. एवढं जिंकून असं का होतं, हे कळायला बहात्तर वर्षांचं असावं लागत नाही.

अकराच्या सुमारास फाटक वाजलं. शकू, डोक्यावर ओला दुपट्टा. आत आली नाही.

"तुहं ते ताट आण अन् चाल माह्यासंगं," म्हणाली. तिने रात्रभर विचार केला होता म्हणे. "तुह्या मशीनीत चोर माह्या घरी दिसला. दुसऱ्याच्या घरी दिसते का, हे पाह्यलं का तू?"

अठरा वर्षं तपासणीत काढलेली मी. नव्हतं पाहिलं.

लॅपटॉप उघडून समोरच्या भाऊसाहेबांकडे गेलो. ते ऐंशीचे, त्यांच्याकडे बटणाचा फोन, ज्यात वायफाय सोडाच, धड आवाजही नाही. चोर तिथेही ठणठणीत! भाऊसाहेब घाबरून विचारायला लागले, अहो, मी काय केलं? त्यांची कशीबशी समजूत घालून आम्ही माझ्या घराच्या बाजूच्या रिकाम्या प्लॉटवर आलो. तिथे घाणेरीची झुडपं, विटांचा एक जुना ढीग, आणि वर ऊन. माणूस नावाला नाही. स्क्रीनवर चोर तसाच, ताठ.

"इथी कोण कोण आहे?" शकूने विचारलं.

"तू अन् मी."

"माहा फोन घरी आहे. तुहा?"

माझा फोन कुठे असतो ते सांगते. बटव्यात. बटवा कमरेला. अंघोळीची दहा मिनिटं सोडली तर कायम. मी हळूच काढला. शकूने तो माझ्या हातातून घेतला, विटांच्या ढिगावर नेऊन ठेवला आणि मला हाताला धरून लांब चालवलं. आकडा उतरला. परत आणलं. आकडा चढला. पुन्हा लांब, पुन्हा उतरला. तिसऱ्या वेळी ती भर उन्हात खाली बसली आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

मग मी रीतसर वाचलं. हल्लीचे फोन म्हणे आपला खरा नंबर बाहेर सांगतच नाहीत. कोणी पाळत ठेवू नये म्हणून प्रत्येक वायफायला एक खोटा नंबर देतात, आणि वायफायचं नाव बदललं की खोटा नंबरही बदलतात. म्हणजे बंदी मी स्वतःच्याच फोनवर घातली होती. वेषांतर त्याने केलं ते माझ्यामुळे, आणि ज्या घरात मी चोर शोधायला गेले त्या घरात चोर मीच कमरेला बांधून नेला होता. शकूची भजनं तर तिच्या फोनमध्येच भरलेली होती. आणि रांगणारं नेट? राउटरपुढे मी कूलर आणून ठेवला होता, पाण्याने गच्च भरलेला. एप्रिलपासून.

माफी मागायची मला सवय नाही. पण मागितली. नीट, भाऊसाहेबांच्या देखत. शकू आत आली, माझी किल्ली उचलून कमरेला खोचली, खुर्चीत बसली आणि चहा टाक म्हणाली. चहा झाल्यावर तिने आपला फोन काढला.

"चोर तर म्हणवून घेतलं म्या. आता नेट तरी दे. सांग पासवर्ड."

आणि इथे तुम्हाला एक सांगायचं राहिलंच. आदल्या दिवशी तिच्याकडून तणतणत आल्यावर, लॅपटॉप मिटण्याआधी, मी पासवर्ड पुन्हा बदलून माझ्या फोनमध्ये टाकला होता.

"आण इकडे, मी टाकते," मी म्हटलं.

"नको. तूच तर सांगते, आपला फोन दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही म्हणून. तू अक्षरं सांग, मी टाकते."

मी कपबशा उचलायला लागले. तिने हात धरून बसवलं. मग काय करता? सुरुवात केली. एस. एच. ए. के. यू.

शकूचं बोट थांबलं. तिने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. चेहरा असा काही फुलला की चाळीस वर्षांत मी पाहिला नव्हता.

"माहं नाव ठेवलं वं तू?" ती म्हणाली. "अन् मी उगाच रुसली तुह्यावर." पदराने डोळे टिपले आणि बोट पुन्हा फोनवर नेलं. "सांग. पुढं काय आहे?"

पुढे सी, एच, ओ, आर होतं.

आयुष्यात मी कशाला घाबरले नाही. पण त्या क्षणी उठले, राउटरची वायर उपटली आणि म्हटलं, "लाइट गेली वाटते वं." डोक्यावर पंखा गरगर फिरत होता आणि मागे कूलर घरघरत होता.