चिखलोलीपर्यंतचा गारवा

मला वाचवलं ते अम्मांनी, म्हणजे आमच्या सेठच्या आईनं. हे आधी लिहून टाकतो, कारण त्या उन्हाळ्यात आम्ही सगळेच एकमेकांवर संशय घेत होतो आणि अम्मा तेवढ्या त्यात नव्हत्या.

मी परभणीकडचा. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. गाडी शिकलो आणि ओळखीनं उल्हासनगरला एका सिंधी सेठकडे ड्रायव्हर म्हणून लागलो. सेठचा अंबरनाथ एमआयडीसीत छोटा कारखाना होता, आणि बहीण बदलापुरात दिलेली. गाडी डिझेलची, जुनी. सकाळी चालू केली की गल्लीतली कुत्री उठून बसायची. मी राहायचो सेठच्याच गॅरेजमागच्या खोलीत. नोकरी गेली की खोलीही जाणार, आणि या मुलखात माझं दुसरं कोणी नव्हतं.

गाडीचा एसी बिघडला, पण सरळ बिघडला नाही. बदलापूरला निघताना बर्फासारखा गार. अंबरनाथ मागं पडलं की हवा मंदावायची, आणि चिखलोली येईपर्यंत जाळीतून नुसता आवाज यायचा. बदलापुरात गाडी सावलीत उभी राहिली की परत येताना पुन्हा गार. गावातल्या गावात तर काहीच तक्रार नाही. रविवारी सेठ स्वतः गाडी काढून अम्मांना मंदिरात नेऊन आणायचे आणि उतरताना माझ्याकडे बघत म्हणायचे, आज तर मस्त चालला.

त्या बघण्याचा अर्थ मला उशिरा कळला. तेव्हा जुन्या गाड्यांना चोरस्विच बसवायची पद्धत होती. सीटखाली कुठंतरी लपवलेलं बटण, चोरानं गाडी नेऊ नये म्हणून. सेठला वाटायचं, मी तसलंच एक एसीला बसवलंय, वाटेत गुपचूप दाबतो आणि वाचलेलं डिझेल बाहेर विकतो. तसे करणारे ड्रायव्हर होते, नाही असं नाही. सेठ हे मला तोंडावर बोलले नाहीत, पण एकदा मी गाडी धूत असताना ते आत वाकून स्टिअरिंगखाली हात फिरवत होते.

माझा संशय मिस्त्रीवर. तो अंबरनाथचा. त्यानं दोनदा गॅस भरला, तरी तेच. मला वाटलं, हा दर खेपेला आमचे चांगले पार्ट काढून जुने बसवतोय. म्हणून पुढच्या खेपेला गाडी त्याच्याकडे टाकण्याआधी मी कॉम्प्रेसरच्या बुडाशी लाल ऑइलपेंटचा ठिपका दिला, बदलला तर कळावा. मिस्त्रीला तो लगेच दिसला. वर न बघताच त्यानं विचारलं, हे कुंकू कोणी लावलं? मी फडकं घेऊन काच पुसायला लागलो.

"माझ्याकडे येते तेव्हा बरफ, तुझ्या हातात गेली की भट्टी," तो म्हणाला. "गॅस गाडीत नाही, तुझ्या हातात भरायला पाहिजे."

त्यानं ते सेठलाही सांगितलं असणार. कारण पुढच्या वेळी बहिणीकडे जाताना सेठनी मिस्त्रीला माझ्या शेजारी बसवलं, स्वतः अम्मांबरोबर मागं बसले. सगळा रस्ता मिस्त्रीची नजर माझ्या हातापायांवर. चिखलोलीला हवा मंदावली. मिस्त्रीनं गाडी बाजूला घ्यायला लावली, बॉनेट उघडलं आणि एका पाइपला हात लावला. पाइपवर पांढरं हिव चढलं होतं. तो म्हणाला, गॅस आहे, थंडी पण आहे, आत हवाच जात नाही.

बदलापुरात सेठच्या बहिणीच्या अंगणात त्यानं डॅशबोर्डच्या खालचा भाग खोलला. कूलिंग कॉइलवरून एक काळा, ओला गोळा खरवडून काढला आणि तळहातावर फोडला. झेंडूच्या पाकळ्या. थरावर थर, मध्ये अक्षतांचे दाणे. त्यानं सेठला समजावलं की यामुळे कॉइलवर बर्फ धरतो आणि राहिलेली हवाही अडते, गाडी थांबली की बर्फ वितळतो, मग पुन्हा गार. थोडं फिरलं तर बर्फ धरायला वेळच मिळत नाही.

सेठनी विचारलं, गाडीत फुलं कोण वाहतं? डॅशबोर्डवरच्या देवाला रोज एक फूल मी वाहायचो, सगळेच ड्रायव्हर वाहतात; तसं मी सांगितलं.

"तो यही तेरा बटन है," सेठ म्हणाले. "जानबूझ के ठूँसा."

बहीण, मेहुणे, शेजारी, सगळे माझ्याकडे बघत होते. खरं काय ते त्या क्षणी माझ्या ध्यानात आलं. मी गाडी पुसली की अम्मा घरच्या पूजेतली फुलं-अक्षता बॉनेटवर, काचेच्या पायथ्याशी ठेवायच्या. संध्याकाळी ती नसायची. वाऱ्यानं उडाली असं मी धरून चालायचो. पण लेकीच्या सासरच्या अंगणात सेठच्या आईचं नाव कसं घेणार? आणि घेतलं तर विश्वास कोण ठेवणार? मी मनात खोली आवरायलाही लागलो होतो.

अम्मा लेकीच्या घरी पाणीसुद्धा प्यायच्या नाहीत, जुनी रीत पाळायच्या. तिथं त्या अवघडून बसायच्या, कमी बोलायच्या. त्या खुर्चीतून उठल्या.

"पुट, बेटा, फूल मैं रखती हूँ," त्या सेठला म्हणाल्या. "रोज़. तेरी गाडी के लिए. इस लड़के को कुछ मत बोल."

आणि गाडीपाशी येऊन काचेखालच्या जाळीवर बोट ठेवलं. मिस्त्रीनं तिथं एक पाकळी ठेवून ब्लोअर चालू केला. पाकळी थरथरली आणि आत गेली. जावई बघत होते, लेक बघत होती. अम्मा तिथंच उभ्या राहिल्या.

माझी नोकरी राहिली, खोलीही राहिली. येताना एसी उल्हासनगरपर्यंत गार राहिला. तरी पुढे बरेच दिवस सेठ स्टिअरिंगखाली डोकावायचे. मला त्याचा राग आला नाही. मी तरी मिस्त्रीच्या दुकानात त्याच्या हातांवरची नजर काढून कधी निवांत बसलो?

अम्मा आता थकल्यात, पण आहेत. मी अजून दुसऱ्याचीच गाडी चालवतो. माझ्या नावावर एक झाली, जुनी का असेना, की अम्मांना मागच्या सीटवर बसवून आमच्या गावी नेणार आहे. माझ्या आईला सांगणार आहे की परक्या अंगणात तुझ्या पोराच्या बाजूनं ह्या एकट्या बोलल्या. मग दोघींनी काय बोलायचं ते बोलावं. अम्मांचं हे देणं मी फेडणार आहे.