न फाटणारा आवाज

भिमाजीच्या दुकानाच्या पाटीवर नाव छोटं होतं आणि वचन मोठं. वर कोपऱ्यात 'भिमाजी साउंड सर्व्हिस, पंचवटी', आणि खाली हातभर लाल अक्षरांत 'न फाटणारा आवाज'. त्या काळी नाशकात लग्नात नवरदेवाच्या मामाचं नाव स्पीकरमधून धड ऐकू आलं, तर लोक एकमेकांकडे बघायचे. भिमाजी हा चमत्कार वीस वर्षं करत होता. ट्रान्सफॉर्मर अंबडच्या कारखान्यात समोर उभा राहून गुंडाळून घ्यायचा, स्पीकरचे कागदी पडदे स्वतःच्या हाताने चिकटवायचा, पावसाच्या इगतपुरीला लग्न असलं की स्वतः भिजायचा आणि ताडपत्री बॉक्सवर घालायचा. त्याची बायको मालनबाई म्हणायची, "आपल्या लग्नात एवढं लक्ष माझ्याकडे नव्हतं दिलं."

या वेडाला कारण होतं. धंद्याच्या पहिल्याच वर्षी एका कीर्तनात, ऐन रंगात, त्याचा स्पीकर फाटला. बुवांच्या तोंडून निघालेला विठ्ठल लोकांच्या कानापर्यंत पोचला तो रस्त्यावरून पत्रा ओढत नेल्यासारखा. बुवा थांबले आणि हजार माणसांदेखत म्हणाले, "भिमाजी, देवाचं नाव तरी धड ऐकू येऊ दे रे." लोक हसले. हसून विसरले असते तर ते आमच्या गावचे कसले? पुढची कित्येक वर्षं तो 'फाटका भिमाजी' होता. किराणावाला, न्हावी, सासरेबुवा, सगळ्यांच्या तोंडी तेच. ते नाव पुसायला त्याने ती पाटी लावली, आणि ते परत चिकटू नये एवढीच त्याला धास्ती होती.

१९९७ साली एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या गॅदरिंगचं काम त्याच्याकडे आलं. कार्यक्रमाचं खास आकर्षण होतं कुंदन नावाचा गिटारवाला. याच कॉलेजने हजेरी कमी म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नव्हतं. तो मुंबईला गेला, केस वाढवले, पेपरात फोटो आला, आणि कॉलेजला अचानक तो 'आमचा विद्यार्थी' असल्याचं आठवलं. प्राचार्यांनी शाल-श्रीफळ दिलं. नारळ कुठे ठेवावा हे न कळून कुंदनने तो ड्रमवाल्याकडे दिला.

मग त्याने पायाजवळची लोखंडी डबी दाबली आणि तार छेडली. आवाज फाटला होता! भिमाजीने झटकन आवाजाचं बटण मागे घेतलं. कुंदनने हाताने खूण केली, वाढवा. पोराला काय कळतंय, असं म्हणत भिमाजी वाकून पळत गेला आणि चांगला चाललेला बॉक्स काढून दुसरा जोडला. तोही फाटला. तेव्हा मात्र तो थेट स्टेजवर चढला, डबीतली पिन उपटली आणि गिटारची वायर सरळ आपल्या मशीनला लावली. स्वच्छ, गोड, शाळेच्या स्वागतगीतासारखा सूर निघाला. भिमाजीने कपाळाचा घाम पुसला आणि कौतुकाच्या अपेक्षेने मैदानाकडे पाहिलं. दोन हजार पोरं बोंबा मारत होती.

कुंदन त्याच्या कानाशी वाकला. "काका, फाटलेलाच पाहिजे."

माइक चालू होता. सगळं मैदान हसलं. भिमाजीला ते हसू चांगलं ओळखीचं होतं.

तो खाली येऊन मशीनमागे बसला. दुरुस्त करण्यासारखं काही उरलं नव्हतं, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच त्याच्यावर नुसतं ऐकायची पाळी आली. कुंदनने पिन परत डबीत खोचली आणि तो वाजवू लागला. आवाज फाटत होता, पण तुटत नव्हता. वर चढत होता, थरथरत होता, आणि तिथेच टिकून राहत होता. भिमाजीला आई गेली तो दिवस आठवला. माणूस खरं रडतो तेव्हा त्याचा आवाज फाटतोच, हे त्याला ठाऊक होतं. ते स्पीकरमधून ऐकायची सोय आहे हे ठाऊक नव्हतं. त्याच्या डोळ्यांना धार लागली. मैदानावर धूळ फार आहे, असं त्याने शेजारच्या मंडपवाल्याला सांगितलं. नेमका दोष शोधता यावा म्हणून कार्यक्रमाची कॅसेटही भरून घेतली.

त्या संध्याकाळनंतर नाशकात गिटारची साथ आली. बापाला उच्चारता येऊ नये अशा नावाचे तीन बँड आठवड्यात निघाले आणि सहा महिन्यांत मोडले. पण खरी लागण झाली ती कंपाउंडच्या भिंतीवर बसून फुकट ऐकणाऱ्या वाळू नावाच्या भाजीवाल्याला. वाळू सकाळी मखमलाबादहून मेथी-कोथिंबीर आणायचा आणि लग्नसराईत बेंजो पार्टीत बेंजो वाजवायचा. सोमवारी तो दुकानात हजर.

"भिमाजीदादा, माझा बेंजो फाडून द्या."

"काय?"

"त्या पोरासारखा. वरातीत असा वाजला पायजे का नवरदेव घोड्यावरून उतरून नाचला पायजे."

भिमाजीने पाटीकडे बोट केलं. "वाचता येतं ना?"

"येतं ना. म्हणून तर तुमच्याकडं आलो. बाकीच्यांचा आपोआप फाटतो, त्यात काय हाय? ज्याला न फाडता येतं, त्यालाच नीट फाडता येईल."

मुद्दा बिनतोड होता. म्हणूनच भिमाजी भडकला आणि त्याला हाकलून दिलं.

दुपारी मात्र शटर अर्धं ओढून तो कॅसेट लावायचा. मालनबाई डबा घेऊन यायची.

"काय शोधताय?"

"दोष."

"सापडला?"

"शोधतोय."

हा शोध दोन वर्षं चालला. दोष शोधताना माणूस डोळे मिटून मान डोलावत नाही, एवढं मालनबाईला कळत होतं.

वाळूने मधल्या काळात दुसरीकडून बेंजो फाडून घेतला. भर वरातीत मशीनमधून धूर निघाला, घोडा बिथरला, आणि नवरदेव वऱ्हाडाच्या बराच आधी मांडवात पोचला. दुसऱ्या दिवशी वाळूने मुकाट्याने बेंजो भिमाजीच्या टेबलावर ठेवला. भिमाजीला दया आली. निदान त्याने स्वतःला तसंच सांगितलं. तीन दिवस खपून त्याने मालनबाईच्या स्टीलच्या डब्यात आवाज फाडणारी जोडणी बसवली, आणि वाळूने त्यावर हळदीचं गाणं धरलं. आवाज फाटला, चढला, टिकला. वाळूने गाणं संपवलं आणि पुन्हा पहिल्यापासून धरलं.

२००१ पर्यंत जिल्ह्यातल्या निम्म्या बेंजो पार्ट्यांकडे असा डबा होता. मालेगावच्या एका म्हाताऱ्या बेंजोवाल्याने दुकानात येऊन विचारलं, "फाटका भिमाजी तो हाच का?" भिमाजीचा हात वर गेला होता, तेवढ्यात म्हाताऱ्याने वाकून त्याला नमस्कार केला.

त्याच आठवड्यात पेंटर दत्तू शिडी लावून पाटी खरवडत होता. मालनबाई डबा घेऊन आली, पाटीकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं.

"काय हो, सापडला वाटतं दोष?"

"सापडला," भिमाजी म्हणाला. "पाटीवर एक 'न' जास्तीचा होता."