डब्यावरचा ठेका

तिची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. माझा स्टुडिओ म्हणजे टायरच्या दुकानावरचा एक माळा. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना जुन्या गाद्या ठोकलेल्या. ती आत आली, गाद्यांकडे बघितलं आणि म्हणाली, या आधी धुवायला टाका, गाण्याचं नंतर बोलू. तिचा धंदाच तो. पुढच्या चौकात तिची लाँड्री होती. चाळिशीची बाई, मनगटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे डाग आणि राग कायम नाकाच्या शेंड्यावर. आम्ही गाणारे-वाजवणारे तिला इस्त्रीबाई म्हणायचो. तोंडावर अर्थात ताई.

शर्टांना इस्त्री करता करता ती गाणी रचायची आणि चालीही स्वतःच लावायची, पॉप ढंगाच्या. शब्द सुचले की गिऱ्हाइकांच्या कपड्यांना टाचायच्या चिठ्ठ्यांवर लिहून ठेवायची. एकदा एका वकिलाच्या कोटाच्या खिशात तिचं अख्खं कडवं गेलं. ते परत मागायला ती थेट त्याच्या ऑफिसात जाऊन धडकली होती.

माझ्याकडे ती अल्बम करायला आली होती, त्यातली नऊच्या नऊ गाणी मात्र दुःखाची. कारणही तसंच होतं. तिचा नवरा ड्रम वाजवायचा, हात अगदी घड्याळासारखा. बारा वर्षं तिच्या मागे बसून वाजवलं आणि एक दिवस ड्रम, कपडे आणि दुसरी एक गायिका घेऊन चालता झाला. ठेका धरायला कोणी उरलं नाही. मग तिचे वडील बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा आणि एक चमचा घेऊन माझा जिना चढून आले.

बाबा जन्मभर पोस्टमन. सगळं टपाल पायी वाटलेलं, हळू चालणं त्यांना ठाऊकच नव्हतं. पहिल्या कडव्याला ठेका नीट असायचा, दुसऱ्या कडव्यापासून त्यांना घाई सुटायची. यावरूनच जावयाशी त्यांचं कधी जमलं नाही. जावई म्हणायचा, तुम्ही पळता. बाबा म्हणायचे, तूच रेंगाळतोस. तीन दिवसांत त्यांनी नऊही गाण्यांचा ठेका डब्यावर वाजवून दिला आणि पुढच्याच महिन्यात झोपेत गेले. तेही घाईनेच, कोणाला निरोप न देता.

आता माझी चूक सांगतो. आमच्या धंद्यात वाकडा ठेका सरळ करतात. कॉम्प्युटरवर एकेक ठोका उचलायचा आणि त्याच्या जागेवर नेऊन बसवायचा. ही सवय इतकी अंगात मुरलेली की मी दुसरा विचारही केला नाही. ती दुःखात होती, लाँड्री बंद होती, तेवढ्यात मी बाबांचा एकूण एक ठोका सरळ केला. शेवटच्या गाण्यानंतर ते तिला काहीतरी बोलले होते, तेही कापलं. गिटारवाल्याने आणि कीबोर्डवालीने त्या सरळ ठेक्यावर दोन महिने खपून आपापलं काम संपवलं. ती ऐकून खूश होईल, असं मला मनापासून वाटत होतं.

ती गायला आली. हेडफोन लावून पहिलं कडवं गायली. दुसरं सुरू झालं आणि हेडफोन काढून तिने टेबलावर ठेवले.

"दादा, हे कोण वाजवतंय?"

मी म्हटलं, बाबाच. जरा नीटनेटकं केलंय, एवढंच.

"हे माझे बाबा नाहीत. हा माझा नवरा आहे. जो मला सोडून गेला, त्याच्यासारखं वाजवायला लावलंत तुम्ही माझ्या बापाला."

कोणीतरी थोबाडीत मारल्यासारखं झालं मला. मूळ रेकॉर्डिंग मी जपून ठेवलं होतं, एवढाच काय तो शहाणपणा. पण ते घ्यायचं तर सगळ्यांची दोन महिन्यांची मेहनत पाण्यात. गिटारवाला कुरकुरला, की असल्या ठेक्यामागे कोण धावणार. ती म्हणाली, मी चाळीस वर्षं धावलेय, तुम्हाला नऊ गाणी जड नाहीत. सगळं पुन्हा वाजवलं गेलं.

मग आला कंपनीवाला. अल्बम तोच बाजारात आणणार होता. पाय हलवत दोन गाणी ऐकली, तिसऱ्याला त्याचा पाय चुकला. त्याने साफ सांगितलं, ठेका सरळ करा, नाहीतर मी अल्बम घेत नाही. मीच मध्ये पडलो, निदान दोन गाणी तरी सरळ करू म्हटलं. मला भीती वाटत होती. नवरा गेला, बाप गेला, आता एवढा जीव लावलेला अल्बमही जाईल.

"माणूस मेला म्हणून त्याला दुरुस्त करायचं नसतं," ती म्हणाली. "बाबा पळत होते. अल्बमही पळेल. घ्यायचा तर त्यांच्यासकट घ्या."

कंपनीवाला उठला. वरून जाता जाता शुभेच्छाही देऊन गेला, त्याचा मला जास्त संताप आला.

अल्बम शेवटी आम्हीच काढला. एका रविवारी दुपारी वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम ठेवला. आलेली बहुतेक लाँड्रीची गिऱ्हाइकं, वकीलसाहेबही कोट घालून हजर. ड्रमच्या जागी एक खुर्ची, खुर्चीवर तो डबा आणि चमचा. बाबांचा ठेका मी रेकॉर्डिंगमधून सोडत होतो. लोकांनी टाळ्या धरल्या. दुसऱ्या कडव्याला ठेका पळाला आणि सगळ्या टाळ्याही त्याच्यासोबत पळाल्या. तीस वर्षं या धंद्यात काढून माझ्या लक्षात आलं नव्हतं, की रंगात आलेली माणसं अशीच वाजवतात.

शेवटचं गाणं संपलं. इथे आवाज बंद करायचा असतो. मी बटणावरचा हात काढून घेतला. डब्यावर चार ठोके जास्तीचे पडले आणि पाठोपाठ बाबांचा आवाज आला.

"संपलं होय गं? मला वाटलं, अजून एक कडवं आहे."

ती माइकसमोर उभी होती, डोळे वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"आहे, बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्याच घाईने गायला लागली. ते कडवं कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नव्हतं. गिटारवाला आणि कीबोर्डवाली तिच्या मागे धावले.