सोमीचा डावा पाय

ईशान आणि मीरा,

गेल्या रविवारी ईशाननं फोनवर विचारलं, ओळीनं मांडलेल्या शंकूंमधून स्केटबोर्ड वळवत न्यायचा तर कुठला पाय पुढे ठेवायचा. तुमची आई हसून म्हणाली, "हे आजीला काय माहीत?" मला माहीत होतं. पण उत्तर माझ्या लहानपणच्या मैत्रिणीचं, सोमीचं होतं, आणि तिला श्रेय द्यायचं म्हटलं की माझी जीभ अजून जड होते. म्हणून लिहून पाठवते.

सोमी चालताना कधी खाली बघत नसे. धानाच्या शेतातल्या निसरड्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, डोक्यावर रोपांचा भारा घेऊन ती गप्पा मारत जाई. मागून मी, चपला हातात, दोनदा घसरून. "पायाले पाहू नको वो. पायाले समजते," ती म्हणे. माझे वडील अहेरीकडच्या लाकूड डेपोत कारकून होते, तिचे वडील तिथंच ओंडके रचत. पन्नासच्या दशकातली गोष्ट, आम्ही दोघी दहा-अकरा वर्षांच्या. वर्गात पहिली मी येई. बाकी सगळ्यात ती.

डेपोच्या मिस्त्रीनं एकदा सागाच्या फळीला जुन्या बेअरिंगची चार चाकं लावली. फळी आणि चाकांच्या मध्ये रबरी ट्यूबचे तुकडे घातले होते, त्यामुळे अंग झुकेल तिकडे फळी वळे. डेपोतल्या सिमेंटच्या उतारावर त्यानं सात विटा ओळीनं, मधून वळत वळत जावं लागेल अशा मांडल्या. "शनवारी जे पोट्टी इटेले न लागता खाली येईन, फळी तिची." मला ती फळी हवी होती. त्याहून जास्त, ती सोमीला मिळायला नको होती.

मी उजवा पाय पुढे ठेवला. घरात उंबरा ओलांडताना उजवा, कामाला निघताना उजवा; दुसरा विचारच आला नाही. रोज तिसऱ्या विटेशी पडत राहिले. शुक्रवारी सोमीनं मला मागून अचानक ढकललं. सावरताना माझा डावा पाय पुढे पडला.

"पाह्यलं? तुहा डावा आहे, माह्यावानीच. उजवा काऊन ठेवून राह्यली?"

"घरी तसंच शिकवलंय."

"फळी का तुह्या घरची सून हाय, उजव्या पायानं यायले?"

मिस्त्री पोट धरून हसला. मला वाटलं, ही मला उद्या पाडायला बघते आहे.

शनिवारी मी उजवाच पाय पुढे ठेवला. चौथी वीट उडाली, कोपर फुटलं. सोमी सातही विटांमधून, समोर बघत, खाली आली. मग तिनं फळी माझ्यापुढे धरली. "घे, एकदा डाव्यानं कर. मंग समजन."

"मला नको. पोरखेळ आहे," मी म्हणाले.

तिनं फळी काखेत घेतली. "बरं बाई," एवढंच म्हणाली. माझ्या आईला ती बाई म्हणे; मला त्याआधी कधी म्हटलं नव्हतं.

पुढच्या महिन्यात मला शिकायला नागपूरला पाठवायचं ठरलं. निघायच्या आदल्या दुपारी सोमीकडची सगळी धानाच्या रोवणीला गेली होती, फळी दाराशी टेकलेली होती. मी ती उचलली, उतारावर विटा मांडल्या आणि डावा पाय पुढे ठेवला. एकाही विटेला धक्का लागला नाही. फळी होती तशी ठेवून घरी आले. दुसऱ्या दिवशी सोमी मोटारीपाशी मला निरोप द्यायला आली, तेव्हाही हे तिला सांगितलं नाही.

ईशान, कुणाला तरी सांग, मागून न सांगता ढकल. जो पाय पुढे पडेल तो तुझा.

सोमी गेल्याचं मला दोन वर्षांपूर्वी कळलं. तिचा हेवा मला अजून वाटतो.