नाणेघाटाचं प्यायचं टाकं

तुझं पत्र पोचलं, त्याचं हे उत्तर. पण आधी बोलून घेऊ दे मला. सख्ख्या बहिणीची नात तू, नवऱ्याच्या मित्रांबरोबर नाणेघाट बघून गेलीस आणि अर्ध्या कोसावरच्या माझ्या घराकडे फिरकली नाहीस! वर पत्रात लिहितेस, "इथल्या लोकांना त्या जुन्या कोरीव कामाची किंमत नाही." मुलांच्या पाटीवर अक्षरं गिरवून शिकलेली बाई मी, पण ते वाक्य तीनदा वाचलं. आता तू ऐक.

मी तेव्हा लग्नाला वर्ष झालेली सून. वस्ती घाटाच्या माथ्यावर, भात-नाचणीचं रान. पाऊस चार महिने कोसळतो, पण चैत्र सरला की सगळे ओढे कोरडे. मग सगळ्यांची भिस्त खडकात कोरलेल्या तीन टाक्यांवर. एक धुण्याचं, एक गुरांचं, एक प्यायचं. प्यायच्या टाक्यात पाय घालायचा नाही, मग तो घरचा कर्ता का असेना. काठावर बसून दोराची कळशी सोडायची.

त्या वैशाखात पुण्याचे चार गृहस्थ जुन्नरहून छकड्यातून आले. बरोबर स्वयंपाकी. त्यांना घाटातली गुहा आणि तिच्या भिंतीवरची अक्षरं बघायची होती. वाट दाखवायला माझे सासरे निघाले, गुडघा धरलेला म्हणून मलाही बरोबर घेतलं. टाक्यांपाशी पोचेतो ऊन डोक्यावर. गृहस्थ म्हणाले, "आधी अंग धुऊ, मग गुहा." धुण्याचं टाकं चार पावलांवर होतं गं! पण पाहुण्याला हलकं पाणी दाखवायचं म्हणजे मामंजींना कमीपणा. त्यांनी नेलं थेट प्यायच्या टाक्यावर. "घ्या पावणं, ह्ये आमचं सगळ्यात ग्वाड पानी." काठावरची कळशी दाखवली आणि आम्ही दोघं भाकर सोडायला सावलीत गेलो. कळशी ठेवलेली असताना कुणी आत उतरेल, हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नसतं.

परत येऊन बघते तर चौघांतले दोघं छातीभर पाण्यात, अंगाला साबण. आणि पायरीवर बसून स्वयंपाकी तेलकट पातेली खंगाळतोय!

मी धावत काठावर गेले.

"अवो, ह्ये प्यायचं पानी हाय! लेकरं काय पितील आता?"

"बाई, डोंगर केवढा आहे. पाण्याला काय तोटा?" एक जण हसला. दुसऱ्यानं डोकं पुसत विचारलं, "ही टाकी कोणी कोरली, ठाऊक तरी आहे का तुम्हा लोकांना?"

"कुनी कोरली ते ठाव न्हाई. वर्साला गाळ कोन काढतं ते ठाव हाय. आता ह्ये पानी उपसा, मगच गुहा दावते." आणि मी वाटेत बसले.

मामंजींचा चेहरा पडला. "सूनबाई, पावण्यांना आसं बोलत्यात व्हय?" मला तिथंच ठेवून, गुडघ्यावर हात दाबत, ते स्वतः त्यांना घेऊन घाट उतरले. त्यांचा मला राग आला, त्या चौघांपेक्षा जास्त आला. अजून येतो.

टाकं उपसायला वस्तीतल्या सगळ्या बायकांना दोन दिवस लागले. टाक्यातला झरा तसा थेंबाथेंबानं पाझरणारा. पावसाळा लागेपर्यंत आम्ही दरीतल्या कुंडावरून हंडे वर आणले, उभ्या चढानं. सासूबाई नवऱ्याशी बोलायच्याच बंद झाल्या. त्यांनी पाणी मागितलं की तेवढंच म्हणायच्या, "त्ये पुन्याचं पावणं आनून देतील."

मामंजी मला "चुकलो" असं कधी म्हणाले नाहीत. पण पुढच्या उन्हाळ्यापासून लेणी बघायला कुणी आलं की ते स्वतः टाक्याच्या काठावर बसत, कळशी ओढत, पाहुण्याच्या ओंजळीत पाणी ओतत. वाट दाखवायचं काम त्यांनी दुसऱ्यावर सोपवलं. ते वारल्यावर त्या काठावर मी बसू लागले. तुम्ही आलात त्या दिवशी मला ताप होता, काठावर कुणी नव्हतं. तुमच्यातलं कुणी आत उतरलं का, हे तुझ्या पत्रात कुठंच नाही. रात्रंदिवस तोच घोर लागलाय मला.

पत्रानं उत्तर नको पाठवू. स्वतः ये आणि समोर बसून सांग. उतरलं असेल कुणी, तर पदर खोचूनच ये, मिळून उपसू. नसेल, तर दोन दिवस निवांत राहा. पण लवकर ये गं, चैत्र सरायच्या आत.