गार फडकं

सोमा गायकवाड तीस वर्षं लोकांची घरं गार करत आला आणि स्वतः मात्र अंबरनाथ पश्चिमेला पत्र्याखाली उकडून निघाला. उल्हासनगरातल्या एका शेठकडे तो एसीचा मेकॅनिक. जोडीला बबन. दोघं इतके बरोबरीचे, की डबासुद्धा एकाच झाकणात खायचे.

एसी दुरुस्तीला घेतला की आत उरलेला गॅस सोडून द्यायचा, ही सगळ्या बाजाराची रीत. मे महिन्यात बदलापूर भाजून निघालं की त्या गार झोतात ओलं फडकं धरायचं आणि मानेवर टाकायचं. मेकॅनिक मंडळींची एवढीच काय ती चैन!

गेल्या वर्षी शेठनं दोघांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला पाठवलं. शिकवायला यशोधरा मॅडम होत्या. आफ्रिकेतल्या किगाली शहरात जगभरच्या सरकारांनी करार केलाय, की हे गॅस टप्प्याटप्प्यानं कमी करायचे, असं त्यांनी सांगितलं. एक किलो हवेत सोडला की जवळजवळ दोन टन कार्बन डायऑक्साइडएवढी पृथ्वी तापते. सोमा मनातल्या मनात तीस वर्षांचे किलो मोजू लागला आणि मध्येच थांबला. ज्या उन्हावर उतारा म्हणून फडकं गार करत होतो, त्या उन्हात आपलाही हात होता.

दुसऱ्या दिवशी मॅडम नव्या गॅसबद्दल बोलल्या. पृथ्वीला तो बरा, पण स्वयंपाकाच्या गॅससारखा पेट घेतो. बंद जागेत सोडायचा नाही, जवळ पाइप जोडायची बत्ती पेटवायची नाही.

त्या दिवशी बबन वर्गात नव्हता. धाकट्या बहिणीचा साखरपुडा होता. हजेरीच्या कागदावर सोमानं त्याचीही सही ठोकली, नावाखाली बबन काढायचा तशी शेपटी काढून. याला आपल्याकडे कोणी लबाडी म्हणत नाही, दोस्ती म्हणतात. प्रमाणपत्रं दोघांनाही मिळाली. बबनला सगळं सांगायचं सोमाच्या मनात होतं, पण आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं.

यंदाच्या एप्रिलात बदलापूरच्या हेंद्रेपाड्यात एका घरी काम निघालं. काचा लावून बंद केलेली गॅलरी, आत नव्या गॅसचा एसी. सोमा खाली पाइप आणायला गेला होता. बबननं रीतीप्रमाणे गॅस सोडला, फडकं गार केलं, मानेवर टाकलं आणि जोड वितळवायला बत्ती पेटवली. जिन्यात सोमाला आवाज आला. तो वर धावला तेव्हा बबनचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजलेले होते.

भरपाई द्यायची का, याची चौकशी लागली. शेठनं सोमाला बाजूला घेऊन समजावलं, की बबनकडे प्रमाणपत्र आहे, म्हणजे चूक त्याचीच. तू तोंड उघडलंस तर उद्यापासून येऊ नकोस. सोमानं घरी बायकोला, शालनला सगळं सांगितलं. सकाळी तिनं बबनसाठी मऊ भात भरला आणि डबा सोमाच्या हातात दिला.

दवाखान्यात सोमा त्याला चमच्यानं भरवत होता. बबन छताकडे बघत म्हणाला, "तू सांगितलं असशील रे सोम्या. माझ्याच डोक्यात राहिलं नाही."

नाही म्हणायला एक शब्द लागत होता, त्याऐवजी सोमानं पुढचा घास भरवला. दवाखान्याच्या जिन्यात बसून तो पोटभर रडला.

दुपारी दुकानात चौकशीचे साहेब बसले होते. समोर हजेरीचा कागद होता. शिकलेल्या माणसानंच बत्ती पेटवली, तर भरपाई कसली द्यायची, असं ते शेठना विचारत होते. सोमानं त्यांच्याकडे पेन मागितलं. कागदाच्या कोपऱ्यात बबनचं नाव लिहिलं आणि खाली तीच शेपटी काढली.

शेठनं घसा खाकरला. सोमानं तिकडे बघितलं नाही.

"ही सही माझी आहे साहेब," तो म्हणाला. "बबन त्या दिवशी नव्हता. गॅस पेटतो हे मला माहीत होतं. मी त्याला सांगितलं नाही."